सासूबाई, द्राक्षासव आणि नेमिया

मी वाइनचा जाणकार झालो तो ऐरोलीत, एका शनिवारी, दुपारचं जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात.

आमच्या ऑफिसने कर्मचाऱ्यांसाठी 'वाइन समजून घेताना' नावाचं शिबिर ठेवलं होतं. (ऑफिस म्हणजे ऐरोलीतल्या त्या काचेच्या इमारतींपैकी एक. बाहेरून विमानतळ वाटतो, आतून तलाठी कार्यालय.) पेला दांड्याला कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा, त्यात नाक कुठपर्यंत घालायचं, घोट तोंडात खेळवून बादलीत कसा थुंकायचा, हे सगळं एका दाढीवाल्या तरुणाने आम्हाला शिकवलं. ऑफिसच्या आवारात मद्याला बंदी असल्यामुळे सगळं प्रात्यक्षिक डाळिंबाच्या सरबतावर झालं. पण ज्ञान ते ज्ञान!

त्यानंतर माझ्यात जो बदल झाला तो फक्त घरच्यांना दिसला. मी चहा पिण्याआधी फिरवू लागलो. कोकम सरबताचा पहिला घोट मी मिटल्या डोळ्यांनी घ्यायचो आणि म्हणायचो, "शेवटी थोडा लाकडाचा भास होतो."

"आमटी हुंगू नकोस. जेव," माझी बायको वैशाली म्हणायची.

सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज सकाळी वाइनवर चार ओळी टाकू लागलो. तळमजल्यावर पाटीलकाका राहतात. मूळचे इथलेच, दिवा गावातले. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या आजोबांची भातशेती होती. ते मला लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "आरं अविनाश, ती पियाची हाय का नुसती हुंगाची?"

"काका, वाइन प्यायची नसते. समजून घ्यायची असते."

"मंग तू समज," काका म्हणाले, "न बाटली इकरं दे."

अशा अडाणी वातावरणात माझ्यासारख्याची घुसमट होत होती. त्यामुळे लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल ग्रीसला जायचं ठरलं, तेव्हा मी मनातल्या मनात पेला उंचावला. वैशालीला निळ्या घुमटांसमोर फोटो काढायचे होते. मला जायचं होतं नेमियाला. हजारो वर्षं द्राक्षं पिकवणारा मुलूख, जुनी देवळं, जुन्या वायनऱ्या! तिथल्या लाल द्राक्षाचं नाव आहे अगिओर्गीतिको. ते नीट म्हणता यावं म्हणून मी आठवडाभर दात घासताना सराव केला. आरशावर अजून डाग आहेत.

"एक दिवस तुझ्या वायनऱ्या," वैशाली म्हणाली. "पण माझी एक अट आहे. आई बरोबर येणार."

इथे आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावात त्यांनी 'आडवी बाटली' केलेली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गावात दारूचं दुकान हवं की नको यावर बायकांचं मतदान होतं. हवं असेल तर उभ्या बाटलीच्या चित्रावर शिक्का, नको असेल तर आडव्या. आक्कांनी घरोघर फिरून बायका बाहेर काढल्या, बाटली आडवी केली आणि दुकान बंद पाडलं. त्या दुकानाची पाटी आता त्यांच्या गोठ्यातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. शिवाय पुढे जिथे कुठे चोरून बाटली सापडली, तिथे त्यांनी ती दगडाने फोडली. दगड शोधायला त्यांना वेळ लागत नाही.

"आणि आक्कांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"ते तू सांग. माझं नाव मधे घेऊ नकोस."

मी आक्कांना सांगितलं, की ग्रीसमध्ये आपण द्राक्षबागा बघायला जाणार आहोत. ते खरंच होतं. पुढे म्हणालो, तिथे द्राक्षाचा एक औषधी रस करतात. तेही तसं खोटं नव्हतं. मग आक्कांनी विचारलं, "म्हंजी द्राक्षासवासारका?" आणि मी म्हणालो, "अगदी तेच!"

आक्का खूश झाल्या. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव त्या कैक वर्षं घेतात. "पोटाला लई चांगलं," म्हणाल्या, आणि आपला स्टीलचा चमचा पर्समध्ये टाकला.

वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच पासपोर्ट शोधायला दुसऱ्या खोलीत गेलो.

अथेन्सहून आम्ही टॅक्सीने निघालो. ड्रायव्हरचं नाव स्पिरोस. मिशा भरघोस, इंग्रजी तुटकं, पण आमच्यापुरतं पुरेसं. नेमियाच्या खोऱ्यात शिरलो तेव्हा द्राक्षाची तोडणी चालू होती. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे वेलींच्या रांगा आणि स्वच्छ ऊन.

"हे तर आपल्या खटावसारकं," आक्का म्हणाल्या. "फकस्त माणसं गोरी."

वाटेत झ्यूसचं देऊळ पाहिलं. उंचच उंच खांब, वर मोकळं आभाळ. मी हर्क्युलिस आणि सिंहाची गोष्ट रंगवून सांगितली. आक्कांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "छप्पर कवा उडालं? ग्रामपंचायत काय करती हितली?"

पहिली वायनरी नवी, चकचकीत होती. लांब टेबल, पांढरे कागद, पेल्यांच्या रांगा आणि टोकाला एक सुबक बादली. (मी खास या दिवसासाठी पांढरा लिननचा सदरा आणि पांढरी पँट शिवून घेतली होती. नेरुळच्या टेलरने विचारलं होतं, "क्रिकेट?") तिथल्या मुलीने पेल्यात थोडी लाल वाइन ओतली. मी पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "अगिओर्गीतिको!"

"नाही, सर," मुलगी म्हणाली. "ही दुसरी आहे. ती नंतर येईल."

आक्कांनी पर्समधून चमचा काढला. मोजून दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं आणि समाधानाने मान डोलावली. "तुरट हाय. म्हंजी अस्सल."

वैशालीने कपाळ हातात धरलं होतं. मी नेमाप्रमाणे घोट तोंडात खेळवला आणि बादलीकडे झुकलो.

"आवं!" आक्का ओरडल्या. "जावईबापू! थुकताय काय?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला, की पद्धत आहे.

"कसली पद्धत? चांगलं औषिद! एवढ्या लांबनं आलो, त्या पोरीनं मायेनं वतलं, आन तुमी बादलीत थुकनार? गिळा!"

मी गिळलं.

"आता बाकीचं."

"आक्का, चव घेऊन फक्त..."

"पेल्यात टाकायचं न्हाई. अन्नाचा आपमान."

त्या मुलीला वाटलं, पाहुणे फारच रसिक आहेत. तिने पेले जरा जास्तच भरायला सुरुवात केली. पांढरी, गुलाबी, लाल, जुनी लाल, त्याहून जुनी लाल. प्रत्येक वेळी आक्का दोन चमचे घेऊन थांबत आणि उरलेला आपला पेला माझ्यापुढे सरकवत. "पोट साफ हुईल." वैशालीनेही शांतपणे आपला सरकवला. डाळिंबाच्या सरबतावर तयार झालेल्या जाणकाराने त्या सकाळी तिघांची वाइन एकट्याने समजून घेतली.

बाहेर आलो तेव्हा झ्यूसच्या देवळाला छप्पर आल्यासारखं वाटत होतं.

"आता हॉटेलवर जाऊ," वैशाली म्हणाली.

"अजिबात नाही!" मी म्हणालो. "पुढची वायनरी ऐतिहासिक आहे!"

ही दुसरी वायनरी म्हणजे खरं तर एक दगडी घर होतं. अंगणात एक जुनं ऑलिव्हचं झाड, बाजूला नुकत्याच तुडवलेल्या द्राक्षांनी भरलेले दोन मोठे लाकडी टब आणि दारात एलेनी नावाच्या एक आजीबाई उभ्या. वय आक्कांइतकंच, काळा पोशाख, हाताला घट्टे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. स्पिरोस गाडी सावलीत लावायला गेला होता. आता ग्रीक भाषेची एक गंमत आहे, आणि ती मला माहीत असूनही मी कुणाला सांगितली नव्हती, कारण तोवर मला काहीही सांगण्यासाठी बराच वेळ लागू लागला होता. ग्रीकमध्ये 'हो' म्हणायचं असेल तर 'ने' म्हणतात.

आक्कांनी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीकडे बोट दाखवून विचारलं, "तुळस का ओ ही?"

"ने, ने!" एलेनीबाई हसून म्हणाल्या.

"न्हेऊ?" आक्का हरखल्या. "किती मायाळू बाई! ओळख न पाळख, आन ने म्हनती." कुंडी आक्कांच्या काखेत गेली. एलेनीबाई जरा बुचकळ्यात पडल्या. पण पाहुण्याला काय म्हणणार?

आम्ही तळघरात उतरलो. थंडगार दगडी खोली, पिवळा दिवा आणि भिंतीभर फळ्या. फळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या. आणि एकूण एक बाटली आडवी!

आक्का जागीच थांबल्या. त्यांनी कुंडी खाली ठेवली आणि पदर सावरून हात जोडले.

"वैशे," त्या म्हणाल्या, "हितं पन!"

त्या क्षणी गप्प राहिलो असतो, तर आज मला घरात मान असता. पण माझ्यातला जाणकार जागा झाला. एवढं मोठं अज्ञान समोर उभं असताना तो गप्प बसेना.

"नाही आक्का," मी भिंतीला धरून म्हणालो. "त्याचा मतदानाशी संबंध नाही. बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं. मग ती वर्षानुवर्षं टिकते. आणि जितकी जुनी, तितकी मस्त चढते!"

आक्कांचे जोडलेले हात खाली आले.

"चढती?" आक्का म्हणाल्या.

"अहो," वैशाली म्हणाली. (एरवी ती मला 'अरे' म्हणते. आईसमोर 'अहो' म्हणते. हे 'अहो' त्या दोन्हींपेक्षा वेगळं होतं.)

"चढते म्हणजे... जिना," मी म्हणालो. "चला, चढू या वर."

आक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. वाइन हुंगण्याची इतकी निर्दोष पद्धत मी शिबिरातही पाहिली नव्हती. आक्का वळल्या, फळीवरची एक बाटली उचलली आणि एलेनीबाईंसमोर धरली.

"बाई, ही दारू हाय?"

एलेनीबाईंना आनंद झाला. पाहुणीला बाटली आवडली! "ने!" त्या म्हणाल्या. "ने, ने!"

"ऐकलंस वैशे? ने म्हनती. तिला बी घरात नकोय ही ब्याद. एकली बाई काय करनार? धर ह्या दोन."

"आई, तसं नाहीये..."

आक्का एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन बाटल्या घेऊन जिना चढू लागल्या. आयुष्यातलं मोठं गिऱ्हाईक आलं अशा उत्साहाने एलेनीबाईंनी कोपऱ्यातला लाकडी खोका ओढला, तो भरला आणि त्याही मागोमाग निघाल्या! दोघी बायका एकमेकींना हात देत, प्रत्येक पायरीवर "ने, ने" करत, ऐतिहासिक तळघर रिकामं करत होत्या.

मला हे थांबवायलाच हवं होतं. मी पायऱ्या चढलो. एक-दोन पायऱ्या मी दोनदाही चढलो असेन. अंगणात पोचलो तेव्हा आक्कांनी बाटल्या जमिनीवर रांगेत मांडल्या होत्या आणि त्या दगड शोधत होत्या.

"आक्का! नको!" असं ओरडत मी धावलो. मधे पाण्याचा पाइप होता. मी तो ओलांडला, असं मला वाटलं. पुढच्या क्षणी मी टबात बसलेलो होतो. छातीपर्यंत द्राक्षं. उठायला गेलो की पाय सटकायचे आणि आणखी खोल जायचो. दोनतीन प्रयत्नांनंतर मी नाद सोडला. पुढचं सगळं मी टबात बसूनच पाहिलं. जागा चांगली होती. अख्खं अंगण दिसत होतं.

आक्कांना दगड सापडला. एलेनीबाईंना वाटलं, बिचारीकडे बूच काढायचं साधन नाही. त्यांनी हळूच दगड काढून घेतला, खिशातला कॉर्कस्क्रू काढला आणि एका झटक्यात बाटली उघडून आक्कांच्या हातात दिली.

आक्का बाटली घेऊन ऑलिव्हच्या झाडाखाली गेल्या आणि तिथे त्यांनी ती उलटी केली. लाल धार मुळाशी पडत राहिली. त्यांनी पार शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

मी डोळे मिटून घेतले. आता पोलीस येणार, हे मी धरून चाललो होतो.

डोळे उघडले तेव्हा एलेनीबाई रडत होत्या. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, पुढे आल्या आणि आक्कांना मिठी मारली. आक्का क्षणभर गांगरल्या. मग त्यांचाही हात त्या काळ्या पोशाखाच्या पाठीवर गेला.

"गप, बाई, गप," आक्का म्हणाल्या. "म्हाईत हाय मला. माझा बी ह्यानंच गेला."

वैशालीने तोंड फिरवलं. सासरे काविळीने गेले, असं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. काविळीला काही कारण असू शकतं, हे पंचवीस वर्षांत विचारायचं मला सुचलं नव्हतं. आडवी बाटली ही आमच्या घरातली गमतीची गोष्ट होती. पाहुण्यांना मी ती नक्कल करून सांगायचो. टबात फार गार वाटू लागलं.

एवढ्यात स्पिरोस आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठरवून दुसरीकडे पाहिलं. एलेनीबाई त्याला भडाभडा काहीतरी सांगू लागल्या. त्याने ते वैशालीला सांगितलं, वैशालीने आक्कांना. ते झाड एलेनीबाईंच्या यजमानांनी लावलेलं होतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने जमिनीवर वाइन ओततात, स्पिरोस म्हणाला. हल्ली कुणाला आठवत नाही. या परदेशी बाईला कसं कळलं, असं ती विचारते आहे.

आक्कांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "इचार तिला. पिऊनच गेला का?"

प्रश्न मराठीतून इंग्रजीत गेला, इंग्रजीतून ग्रीकमध्ये गेला. एलेनीबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी डोळे पुसले आणि चक्क हसू लागल्या.

स्पिरोसही हसला. "ती म्हणते, नाही! तो पीतच नव्हता. एक घोट घेतला की रात्रभर छातीत जळजळ. आयुष्यभर वाइन केली ती नुसती हुंगून. म्हातारा होऊन, झोपेत, शांतपणे गेला."

"नुसती हुंगून?" आक्कांनी खात्री करून घेतली.

"नुसती हुंगून."

आक्का टबाकडे वळल्या.

"अविनाश," त्या म्हणाल्या. जावईबापू गेले होते. "बगितलंस? मालक आसून हुंगायचा आन सोडून द्यायचा. तू कोन लागून गेलास?"

"आक्का, मीही थुंकणारच होतो. तुम्हीच..."

"गप बस!"

"बसलोच आहे," मी म्हणालो.

एलेनीबाईंनी बाटल्या पुन्हा खाली नेल्या. आक्कांनी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही, उलट खोक्याला हात दिला आणि येताना आपली तुळस वर आणली. मग ऑलिव्हखाली बसून दोघी ताजा, न आंबवलेला द्राक्षाचा रस प्यायल्या. तो खरंच नुसता रस आहे, हे आक्कांनी स्पिरोसला त्याच्या गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवून तीनदा वदवून घेतलं. (रस दुसऱ्या टबातला होता. पहिल्यात मी होतो.) दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दुसरीचं बोलणं संपेपर्यंत थांबत होत्या. इतकं नीट संभाषण मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही ऐकलेलं नाही.

मला स्पिरोस आणि एका शेजाऱ्याने काखेत हात घालून बाहेर काढलं. मी टब वाया घालवल्याबद्दल क्षमा मागितली. एलेनीबाई म्हणाल्या, काही हरकत नाही. याची तशीही आम्ही कडक दारू गाळतो. हे आक्कांना भाषांतर करून सांगायचं नाही, असं वैशालीने आणि मी न बोलता ठरवलं. त्या दिवसातलं आमचं ते एकमेव एकमत होतं.

परतीच्या प्रवासात एक अडचण आली. गळ्यापासून पायांपर्यंत मी जांभळा होतो, ओला होतो आणि माझ्याभोवती माश्या होत्या. गाडीच्या सीट नव्या होत्या. स्पिरोसने डिकीतून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या काढल्या, दोन मला खालून चढवल्या, एक वरून घातली, कमरेला चिकटपट्टी गुंडाळली आणि मला पुढच्या सीटवर नीट ठेवलं. मागे आक्का मांडीवर तुळस घेऊन शांत झोपल्या. वैशाली खिडकीबाहेर बघत होती.

हॉटेलच्या दाराशी गाडी थांबली. लाल गणवेशातला पोऱ्या ढकलगाडी घेऊन तत्परतेने पुढे आला. त्याने तुळस घेतली, पर्स घेतली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. मग पुढचं दार उघडून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

"मॅडम," त्याने अदबीने विचारलं, "हेही वर न्यायचं आहे का?"

वैशालीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि विचार करायला थोडा वेळ मागितला.